शॉटगनने रानहंसांची शिकार: नवशिक्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

ही उत्तरं अमेरिकेतल्या नियमांना धरून आहेत. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तिथे यातलं काहीही लागू नाही. हंगामाच्या तारखा आणि मर्यादा (दिवसाला किती पक्षी मारता येतात) राज्यागणिक बदलतात. आपल्या राज्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका शेजारी ठेवूनच हे वाचा.

१. रानहंस म्हणजे नेमके कोणते पक्षी? दिसेल तो मारता येतो का?

नाही. शिकारीला परवानगी असलेले मुख्य प्रकार असे: कॅनडा गूज, त्याच्यासारखाच दिसणारा पण लहान कॅकलिंग गूज, छाती-पोटावर काळे पट्टे असलेला व्हाइट-फ्रंटेड गूज (शिकारी त्याला ‘स्पेकलबेली’ म्हणतात), स्नो गूज, त्याहून छोटा रॉस गूज आणि समुद्रकिनाऱ्याजवळचा ब्रँट. स्नो आणि रॉस मिळून ‘लाइट गूज’. त्यांची मर्यादा बाकीच्यांपेक्षा वेगळी असते.

घोटाळा होतो तो पांढऱ्या पक्ष्यांत. स्नो गूजचे पंख पांढरे, फक्त टोकं काळी. स्वानच्या पंखांना कुठेही काळं नसतं आणि मान खूप लांब असते; मोजकी राज्यं वेगळा परवाना देतात, तो सोडला तर स्वान मारता येत नाही. व्हूपिंग क्रेन हा अतिशय दुर्मीळ, कडक संरक्षण असलेला क्रौंच. त्याच्याही पंखांची टोकं काळीच असतात, पण उडताना त्याचे पाय शेपटीच्या बरेच मागे लोंबतात. हंसाचे पाय मागे दिसत नाहीत. पहाटेच्या अंधूक उजेडात हे ओळखता आलं नाही, तर बंदूक खांद्याला लावायचीच नाही.

२. कोणकोणते परवाने लागतात?

राज्याचं शिकारीचं लायसन्स, एचआयपी नोंदणी (स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकाऱ्यांची नोंद), फेडरल डक स्टॅम्प (पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी केंद्र सरकारचं तिकीट) आणि बऱ्याच राज्यांत राज्याचा स्वतंत्र स्टॅम्प. लायसन्स पहिल्यांदा घेताना बहुतेक ठिकाणी हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र मागतात. कोर्स पूर्ण व्हायच्या आधी अनुभवी शिकाऱ्यासोबत जाता यावं म्हणून अनेक राज्यं शिकाऊ लायसन्सही देतात.

डक स्टॅम्प १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला लागतो. नावात ‘डक’ असलं तरी हंसांनाही तोच. किंमत २५ डॉलर, मुदत १ जुलै ते ३० जून. कागदी स्टॅम्पवर शाईने आडवी सही करावी लागते. सही नसलेला स्टॅम्प धरला जात नाही. एचआयपी नोंदणी ज्या ज्या राज्यात शिकार करणार त्या प्रत्येक राज्यात वेगळी करायची. नवशिके बहुतेक हीच विसरतात.

व्हिसावर असाल तर प्रश्न १७ आधी वाचा.

३. हंगाम कधी असतो? नवशिक्याने कोणत्या महिन्यात सुरुवात करावी?

स्थलांतरी पक्ष्यांच्या नेहमीच्या हंगामाची चौकट केंद्राने १ सप्टेंबर ते १० मार्च अशी आखून दिली आहे. राज्यं आपापल्या तारखा त्या चौकटीत ठरवतात. बऱ्याच राज्यांत सप्टेंबरमध्ये फक्त कॅनडा गूजसाठी एक लवकरचा हंगाम असतो, तो नवशिक्यासाठी उत्तम. तेव्हाचे पक्षी स्थानिक असतात, रोज त्याच शेतात येतात, अजून बुजलेले नसतात, आणि मर्यादाही सढळ असते. अडचण उन्हाची: मांस लवकर खराब होतं, म्हणून बर्फाचा कूलर गाडीत हवाच.

सर्वसाधारणपणे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंत गोळी झाडता येते. वेळ तुमच्या ठिकाणच्या तक्त्यावरून बघा. राज्याच्या दुसऱ्या टोकाला दहा-पंधरा मिनिटांचा फरक सहज पडतो.

४. पहिली बंदूक कोणती घ्यावी?

१२ गेज (नळीच्या रुंदीचं माप; आकडा लहान तितकी नळी रुंद), ३ इंची चेंबर (काडतूस बसतं तो भाग), २६ किंवा २८ इंची नळी. पंप (पुढची मूठ हाताने मागेपुढे ओढून काडतूस बदलायची) घ्या किंवा सेमी-ऑटो (काडतूस आपोआप बदलतं), दोन्ही चालतात. पंप स्वस्त पडतो आणि चिखल-थंडीत कुरकुरत नाही. सेमी-ऑटोचा धक्का कमी बसतो, पण कडक थंडीत जास्त तेल पाजलेलं असेल तर तेल घट्ट होऊन ती अडकते. साडेतीन इंची काडतुसांच्या मोहात पडू नका. धक्का इतका बसतो की पाच-सहा बारांनंतर माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. १० गेजपेक्षा मोठी बंदूक कायद्याने चालत नाही.

दस्ता अंगाला बसतो का, हे बंदुकीच्या नावापेक्षा महत्त्वाचं. आणि ते थंडीचं जाड जॅकेट घालून तपासा, टी-शर्टवर नाही. जॅकेटमुळे दस्ता अर्धा-एक इंच लांब वाटतो आणि काखेत अडकतो.

५. प्लगची भानगड काय आहे?

नेहमीच्या हंगामात बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावायला हवीत: मॅगझिनमध्ये दोन, चेंबरमध्ये एक. त्यासाठी मॅगझिनच्या नळीत लाकडाची किंवा प्लास्टिकची एकसंध दांडी घालतात, तो प्लग. बंदूक खोलल्याशिवाय तो निघता कामा नये. नव्या बंदुकीत कधी तो बसवलेला असतो, कधी खोक्यात सुटा पडलेला असतो. घरी डमी काडतुसं भरून बघा. मॅगझिनमध्ये तिसरं गेलं तर प्लग नाही. ‘मी दोनच भरली होती’ हे वॉर्डनपुढे (शिकारीचे नियम तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे) चालत नाही. क्षमता बघतात, भरलेली काडतुसं नाही.

६. कोणती काडतुसं? शिशाची जुनी पडून आहेत, ती वापरू का?

नाही. १९९१-९२च्या हंगामापासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत देशभर शिशाला बंदी आहे, आणि शिकार करताना ती नुसती खिशात सापडली तरी गुन्हा होतो. जॅकेटचे सगळे खिसे आदल्या रात्री उलटे करा.

सुरुवातीला पोलाद. मोठ्या कॅनडा गूजला बीबी किंवा बीबीबी, स्नो आणि इतर मध्यम पक्ष्यांना १ किंवा २ नंबर (ही छर्‍यांच्या आकाराची नावं; २ नंबर सगळ्यात लहान, बीबीबी सगळ्यात मोठा). ३ इंची काडतुसात सव्वा औंस छर्रे, वेग सेकंदाला १४०० ते १५५० फूट, एवढं पुरतं. सव्वा औंस बीबीमध्ये साधारण ९० छर्रे असतात, २ नंबरमध्ये दीडशेच्या वर. म्हणजे छर्रा मोठा घेतला की नग कमी आणि पसाऱ्यात रिकाम्या जागा जास्त. हा हिशेब विसरून लोक सरळ सगळ्यात मोठा नंबर उचलतात. काही राज्यांत ‘टी’ या आकारापेक्षा मोठा छर्रा तसाही चालत नाही.

पोलाद शिशापेक्षा हलकं, त्यामुळे ते लवकर वेग गमावतं. बिस्मथ पोलादापेक्षा जड, टंगस्टन शिशापेक्षाही जड; दोन्ही महाग. आजोबांच्या काळातली, पोलादासाठी न बनलेली बंदूक असेल तर मात्र बिस्मथच वापरा. पोलाद दबत नाही, आणि जुन्या नळीला तोंडाशी फुगवटा येऊ शकतो.

७. चोक कोणता लावू?

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी बसवायचं, छर्‍यांचा पसारा आवळणारं नळकांडं. त्यातले कमी आवळणारे घ्या: मॉडिफाइड किंवा इम्प्रूव्हड सिलिंडर. पोलादाचा पसारा शिशापेक्षा घट्ट राहतो, त्यामुळे फुल चोकची गरज पडत नाही. मोठ्या पोलादी छर्‍यांना तो उलट धोक्याचा असतो. चोकवर ‘स्टील चालेल’ असं कोरलेलं आहे का बघा.

खरं उत्तर कागदावर मिळतं. चार फूट बाय चार फूट कागद ४० यार्डांवर उभा करा, मधोमध एक बार झाडा, मग जिथे छर्रे सर्वात दाट आहेत तिथे ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढून आतली भोकं मोजा. असे निदान तीन कागद, प्रत्येकावर एकच बार. मोठ्या हंसासाठी बीबीची पन्नासच्या आसपास किंवा जास्त भोकं हवीत. कमी भरली तर ३५ यार्डांवर पुन्हा बघा; जिथे आकडा जुळतो तिथे तुमची मर्यादा संपते. शिवाय सगळे छर्रे डावीकडे वर जात असतील तर दोष चोकचा नाही, दस्त्याचा किंवा तुमच्या गाल टेकवण्याचा आहे. हे घरून निघण्यापूर्वी कळलेलं बरं.

८. शेत कसं शोधायचं? परवानगी कशी मिळते?

शिकारीतला निम्म्याहून जास्त भाग हाच. हंस रात्र पाण्यावर काढतात, सकाळी आणि पुन्हा दुपार कलताना चरायला शेतात येतात: कापणी झालेला मका, गहू, बार्ली, किंवा कोवळं हिरवं पीक. आदल्या दिवशी दुपारी पाण्यावरून उठणाऱ्या थव्यामागे गाडीने जा, रस्त्यावर थांबून दुर्बिणीतून बघा आणि ते नेमके कुठे उतरतात ते नकाशावर पिन करा. ‘त्या शेतात कुठेतरी’ हे पुरेसं नाही. शंभर यार्डांनी चुकलात तर पक्षी तुमच्या डिकॉयवरून (मांडलेल्या नकली हंसांवरून) जाऊन त्यांच्या जुन्या जागी उतरतील आणि तुम्ही बघत राहाल.

परवानगीसाठी दिवसाउजेडी दार वाजवा, साध्या कपड्यांत, एकट्याने किंवा दोघांनी. किती माणसं, किती गाड्या, कोणता दिवस, हे आधीच सांगा आणि गाडी शेतात घालायची का ते विचारा. ओल्या शेतात उमटलेल्या चाकोऱ्या पुढच्या वर्षीची परवानगी घालवतात. ‘नाही’ म्हटलं तर आभार मानून निघा.

रात्रीच्या मुक्कामाच्या पाण्यावर गोळी झाडू नका. कायदा बहुतेक ठिकाणी अडवत नाही, पण एका सकाळीत सगळा थवा तो परिसर सोडतो.

९. डिकॉय किती आणि कसे मांडायचे?

कॅनडा गूजला दीड ते तीन डझन फुल-बॉडी डिकॉय नवशिक्याला भरपूर. स्नो गूजचं गणित निराळं, तिथे शेकड्यांनी लागतात (प्रश्न १८).

हंस वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, म्हणून वारा तुमच्या पाठीवर किंवा थोडा तिरका हवा. यू किंवा जे आकारात मांडा, उघडी बाजू वारा ज्या दिशेने जातो तिकडे, आणि मध्ये पंधरा-वीस यार्डांची मोकळी जागा सोडा. पक्षी तिथेच पाय टाकतात, तेव्हा ती जागा बंदुकीपासून २०–२५ यार्डांवर यावी. डिकॉय एकमेकांपासून दोन-तीन पावलं लांब; खेटून उभे असलेले पक्षी उडायच्या बेतात असतात, तसंच ते वरून दिसतं. बहुतेक माना खाली चरणाऱ्या, दहात एखादीच वर ताणलेली.

पहाटे डिकॉयच्या पाठीवर दव गोठून पांढरं चकाकतं. फडक्याने पुसून काढा, आणि सूर्य वर आल्यावर पुन्हा एकदा. चकाकणाऱ्या डिकॉयवर थवा शंभर यार्डांवरून वळतो, आणि दोष बिचाऱ्या कॉलला (हंसाचा आवाज काढायच्या शिट्टीला) दिला जातो.

१०. लपायचं कसं?

मोकळ्या शेतात लेआउट ब्लाइंडमध्ये (जमिनीवर ठेवलेल्या बुटक्या आडोशात) उताणं पडतात किंवा बांधाला लागून ए-फ्रेम (दोन्ही बाजूंनी तिरपा, उभा आडोसा) उभी करतात. नवा ब्लाइंड चकाकतो. त्याला पातळ चिखल फासून वाळवा आणि झटका. मग त्याच शेतातली धाटं पट्ट्यांत खोचा. गावाबाहेरून आणलेलं वाळलं गवत मक्याच्या शेतात उठून दिसतं. सावलीकडे लक्ष द्या: सकाळच्या तिरप्या उन्हात ब्लाइंडची काळी सावली ब्लाइंडपेक्षा आधी दिसते. आणि चेहरा झाका. पक्षी वर घिरट्या घालत असताना मान वर करून बघायचा मोह प्रत्येकाला होतो. नेमकी ती गोरी-सावळी गोल थाळी त्यांना दिसते.

११. कॉल वाजवता येत नाही. मग जमेल का?

जमेल. जागा बरोबर असेल तर आवाजाशिवायही पक्षी येतात. शॉर्ट-रीड कॉलवर ‘होंक’ आणि छोटा ‘क्लक’ एवढेच दोन आवाज आधी शिका. फुंकू नका, पोटातून गरम हवा ढकला. पक्षी बाजूला वळले, शेपूट दिसायला लागली की वाजवा. थेट तुमच्याकडे येत असतील तर गप्प बसा. लांबच्या थव्याला काळा झेंडा दोन-तीनदा हलवून दाखवा आणि ते वळले की जमिनीवर टाका. इलेक्ट्रॉनिक कॉल नेहमीच्या हंगामात बेकायदा आहे.

१२. किती अंतरावर मारायचं? अंदाज कसा घ्यायचा?

पहिल्या हंगामात ३० यार्ड, त्यापुढे नाही. छर्‍यांचा पसारा चांगला असला आणि नेम बसला की ४०. मोठा कॅनडा गूज ६० यार्डांवरही डोक्यावर आल्यासारखा भासतो, कारण पंखांचा पसारा पाच-सहा फुटांचा. लांबून मारलेला पक्षी पोटात दोन छर्रे घेऊन उडत जातो आणि मैलभर पुढे कुठेतरी मरतो. यापेक्षा वाईट शेवट नाही.

बंदुकीपासून ३० यार्डांवर एक वेगळ्या ढबीचा डिकॉय ठेवा, तुमची रेघ ती. पक्षी त्याच्या अलीकडे, पंख वाकवून, पाय खाली सोडून येईपर्यंत थांबा. गालावरचा पांढरा पट्टा स्पष्ट आणि डोळा दिसायला लागला म्हणजे टप्प्यात आला.

१३. एवढा मोठा पक्षी, तरी चुकतोच का?

तीन कारणं, आणि तिन्ही रोजची. पहिलं, थव्यावर मारणं. एक पक्षी निवडा आणि तो पडेपर्यंत त्याच्यावरच राहा. दुसरं, मागे मारणं. हंस सावकाश पंख हलवतो म्हणून हळू वाटतो. ताशी ४० मैलांनी आडवा जाणारा पक्षी सेकंदाला सुमारे ६० फूट कापतो. ४० यार्डांवर छर्रा पोचायला सेकंदाचा साधारण आठवा भाग लागतो. म्हणजे सात-आठ फूट पुढे! नळी शेपटीमागून सुरू करा, पोट, चोच असं पार करत पुढे न्या, चाप ओढा आणि नळी थांबवू नका. थांबली की गेलं. उतरणाऱ्या पक्ष्याला एवढी आघाडी लागत नाही, पण तो खाली सरकत असतो, म्हणून पायांकडे नेम धरा. अंगाच्या मधोमध धरला तर बार वरून जातो.

तिसरं, गाल दस्त्यावरून उचलणं. पक्षी पडतो का ते बघायच्या घाईत होतं.

१४. तिघं-चौघं एका रांगेत असताना सुरक्षितता कशी सांभाळायची?

आधी ठरवा: ‘मारा’ कोण म्हणणार. एकच माणूस. प्रत्येकाने समोरच्या आपल्या पट्ट्यातच मारायचं. नळी शेजाऱ्याच्या डोक्यावरून कधीच फिरवायची नाही, लेआउटमध्ये तर उठून बसलेला शेजारी अगदी हाताच्या अंतरावर असतो. सेफ्टी बंदूक खांद्याला लागेपर्यंत चालू. कुणी पक्षी आणायला ब्लाइंडबाहेर गेला की सगळ्या बंदुका रिकाम्या. कुत्रा बाहेर असताना जमिनीलगतचा बार नाही.

दोन गोष्टी नळी फोडतात. एक, तोंडात अडकलेला चिखल किंवा बर्फ: बंदूक जमिनीला टेकली तर रिकामी करून नळीतून आरपार बघा. दुसरी, २० गेजचं काडतूस १२ गेजच्या बंदुकीत जाणं. ते चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं, चाप ओढल्यावर काहीच होत नाही, माणूस मागून १२ गेजचं भरतो आणि नळी हाताजवळ फुटते. म्हणून २० गेजची काडतुसं पिवळी असतात. दोन्ही गेज एकाच पिशवीत कधीही नेऊ नका. कानात प्लग, डोळ्यांवर चष्मा.

१५. पक्षी जखमी होऊन पडला तर?

लगेच दुसरा बार, तो टप्प्यात आणि मागे कुणी नसेल तर. जखमी पक्षी शोधून आणायचा वाजवी प्रयत्न करणं आणि हाती आल्यावर त्याला ताबडतोब मारणं हा केंद्राचा नियम आहे. तो तुमच्या दिवसाच्या मर्यादेत मोजला जातो. पडला तिथली खूण डोळ्यात ठेवून सरळ चालत जा, वाटेत दुसऱ्या पक्ष्यावर बार काढू नका. पंख जोरात लागतो, म्हणून हाताने उचलताना दोन्ही पंख अंगाशी दाबून धरा. शेजारच्या शेतात पडला असेल तर तिथे जायला परवानगी लागते का, हे राज्यावर अवलंबून. आधी वाचून ठेवा.

१६. शेतात सांडलेले दाणे आहेत. हे ‘बेटिंग’ होतं का?

नेहमीच्या कापणीत सांडलेले दाणे चालतात. पक्षी यावेत म्हणून टाकलेले दाणे चालत नाहीत, आणि उभा मका शिकारीसाठी आडवा केला तर तेही बेटिंगच. दाणे पूर्ण काढून टाकल्यावरही दहा दिवस ती जागा बाधित धरली जाते. ‘मला माहीत नव्हतं’ हे पुरत नाही. माहीत असायला हवं होतं, असं दिसलं तरी तुम्ही दोषी. म्हणून शेतमालकाला थेट विचारा आणि अंधारातच कोपरे टॉर्चने फिरून बघा. एकाच ठिकाणी ढीग दिसला तर सामान गुंडाळा.

१७. मी एच-१बीवर आहे. बंदूक हातात घेता येते का?

केंद्राच्या कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. त्याला जे अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेत कायदेशीर मिळालेलं, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स. एफ-१ आणि एच-४ यांनाही हेच. ‘बाळगणं’ म्हणजे फक्त विकत घेणं नाही. मित्राची बंदूक रेंजवर हातात घेतली तरी तेच. त्यामुळे क्रम असा: आधी लायसन्स, मग बंदुकीला हात. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला, मग ती बंदूक घरात पडून राहिली तरी गुन्हा. काही राज्यांचे नियम याहून कडक आहेत. प्रकरण इमिग्रेशनवर जाऊ शकतं, म्हणून एकदा वकिलाला विचारायचे पैसे वाचवू नका. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही.

१८. वसंतात स्नो गूजला प्लग नको, इलेक्ट्रॉनिक कॉल चालतो, असं ऐकलं. खरं का?

काही राज्यांत, खरं. लाइट गूजची संख्या इतकी वाढली की उत्तरेकडचं त्यांचं विणीचं टुंड्रा ओरबाडलं जाऊ लागलं, म्हणून १९९९ पासून ‘कन्झर्व्हेशन ऑर्डर’ काढली जाते. तिच्यात बिनप्लगची बंदूक आणि इलेक्ट्रॉनिक कॉल यांना मुभा मिळते. पण ती फक्त लाइट गूजपुरती. बिनशिशाच्या छर्‍यांचा नियम तसाच राहतो, आणि थव्यात मिसळलेल्या स्पेकलबेलीला हात लावायचा नाही. नवशिक्याने स्वतःच्या मांडणीने सुरुवात करू नये. शेकडो विंडसॉक (वाऱ्याने फुगणारे कापडी डिकॉय) लावण्यात तीन माणसांची पहाट जाते आणि बुजलेले म्हातारे पक्षी तरीही वरूनच निघून जातात.

१९. घरी नेताना आणि दुसऱ्याला देताना काय पाळायचं?

घरी किंवा प्रोसेसरकडे पोचेपर्यंत प्रत्येक पक्ष्याचं डोकं किंवा पिसांसकट एक पंख अंगाला राहिला पाहिजे. शेतातच छाती काढून पिशवीत भरलीत तर जात ओळखता येत नाही आणि दंड होतो. मित्राचे पक्षी तुमच्या गाडीत असतील तर त्यांना चिठ्ठी हवी: मारणाऱ्याची सही, पत्ता, पक्ष्यांची संख्या आणि जात, मारल्याची तारीख. चिठ्ठी नसली तर ते तुमच्या मर्यादेत मोजले जाऊ शकतात. भेट देता येतं, विकता येत नाही. पायात धातूची कडी निघाली तर तिचा नंबर सरकारी बँडिंग प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर कळवा. तो पक्षी कुठे आणि कधी कडी घातलेला होता ते तुम्हाला कळवतात, आणि कडी तुमचीच.

२०. मांस खायला सुरक्षित आहे का? बर्ड फ्लूचं काय?

आजारी दिसणारा, मान वाकडी टाकून बसलेला किंवा आधीच मेलेला पक्षी उचलू नका. साफ करताना रबरी हातमोजे, उघड्यावर, आणि मग हात-सुरी साबणाने. आतून १६५ अंश फॅरनहाइट होईपर्यंत शिजवा. पाय चिवट असतात, मंद आचेवर तीन-चार तास लागतात. शिजवण्याआधी छातीवर बोटं फिरवून प्रत्येक छिद्राचा माग काढा: पिसं छर्‍यासोबत आत ओढली जातात, आणि पोलादाचा एक छर्रा दाढ फोडायला पुरतो.